जलतरण तलावातील लोहडाग

घरगुती पोहण्याच्या तलावाचा तळ, पायऱ्या, भिंती व पाणी आत येण्याच्या तोंडाभोवतीचा भाग यांवर लोहाच्या संयुगांचा पातळ थर बसल्याने पडणारे पिवळट ते गडद तपकिरी डाग. बोलीभाषेत त्यांना ‘गंजाचे डाग’ म्हणतात. मात्र तलावात गंजणारी एकही वस्तू नसली, तरी हे डाग पडतात. म्हणून येथे ‘लोहडाग’ ही संज्ञा वापरली आहे. तांब्याचे डाग निळसर-हिरवे व मँगॅनिजाचे जांभळट-काळे असतात. पानगळीचे व शेवाळाचे डागही तपकिरी दिसत असल्याने त्यांची लोहडागांशी गल्लत होते.

रासायनिक स्वरूप : नैसर्गिक पाण्यात लोह मुख्यतः दोन रूपांत असते. फेरस रूप विद्राव्य व सौम्य संहतीत (विरघळलेले प्रमाण कमी असताना) रंगहीन असते. फेरिक रूप उदासीन पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असून तांबूस साक्याच्या (न विरघळणाऱ्या गाळाच्या) रूपाने खाली बसते. बोअरचे पाणी बादलीत नितळ दिसते, चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकताच ते पातळ चहासारखे होते आणि सकाळपर्यंत बादलीच्या तळाशी विटकरी गाळ जमतो. त्यामागे फेरसाचे फेरिकात होणारे हेच ऑक्सिडीभवन असते. तलाव भरण्यापूर्वी करण्याजोगी ही सर्वांत स्वस्त परीक्षा आहे.

नुसत्या हवेनेही हे ऑक्सिडीभवन होते, पण त्याचा वेग पाण्याच्या पीएच मूल्यावर (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे, हे दाखविणाऱ्या अंकावर) अवलंबून असतो. वेर्नर श्टुम व फ्रेड ली या रसायनज्ञांनी १९६१ मध्ये दाखविले, की हा वेग हायड्रॉक्सिल आयनांच्या संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे पीएच मूल्य एकाने वाढले, तर वेग सुमारे शंभरपट होतो. सहाच्या आसपास पीएच असलेल्या कोकणातील किंचित आम्लधर्मी पाण्यात लोह बराच काळ विरघळलेले राहते. तेच पाणी तलावात येऊन सोडा ॲशने (धुण्याच्या सोड्याने) ७.४ पीएचवर नेले, की साका पडतो. क्लोरीन असेल तर हवेची वाट पाहावी लागत नाही. तलावाच्या नेहमीच्या पीएच मूल्याला क्रिया थोड्याच वेळात उरकते. एक मिलिग्रॅम लोहासाठी सुमारे ०.६३ मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो.

प्रथम पडणारा साका म्हणजे फेरिक हायड्रॉक्साइड, असे जुन्या ग्रंथांत सरसकट लिहिलेले असते. खनिजविज्ञानाच्या दृष्टीने तो बहुतांशी फेरिहायड्राइट हा अस्फुटस्फटिकी (स्फटिकरचना नीट न घडलेला) पदार्थ असतो आणि काळाच्या ओघात त्याचे गोएथाइट वा हेमॅटाइट यांत रूपांतर होते. (गोएथाइट हे नाव १८०६ मध्ये जर्मन कवी गटे यांच्यावरून देण्यात आले. तलावाच्या पायरीवर कवीचे नाव असे उमटते.) हा भेद केवळ पुस्तकी नाही. ताजा थर सौम्य उपायाने विरघळतो, तर दोन-तीन वर्षे मुरलेला थर त्याच उपायाला दाद देत नाही.

लोहाचा उगम : याविषयी मतभेद आहेत. महाराष्ट्र व गोव्यात सामान्यतः जांभ्याकडे बोट दाखविले जाते. या खडकाला ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी मलबारातील निरीक्षणांवरून १८०७ मध्ये दिले. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. जांभा लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी समृद्ध असतो, हे खरे. पण त्यातील लोह मुळातच फेरिक रूपात असल्याने हवा खेळत्या, उथळ विहिरीच्या पाण्यात ते फारसे उतरत नाही. सेंद्रिय द्रव्य कुजून ऑक्सिजन संपलेला असेल, अशा खोल व कोंडलेल्या थरांतच त्याचे क्षपण (ऑक्सिडीभवनाच्या उलट क्रिया) होऊन फेरस लोह पाण्यात येते. त्यामुळे एकाच वाडीतील विहिरीचे पाणी स्वच्छ आणि पन्नास पावलांवरच्या बोअरचे पाणी लोहयुक्त, असे घडू शकते. देशावरच्या बेसाल्टातही लोहाचे ऑक्साइड दहा टक्क्यांहून अधिक असते, तरी तेथील कठीण व अल्कधर्मी पाण्यात विरघळलेले लोह सहसा कमीच आढळते. केवळ खडकाच्या रंगावरून पाण्याचा अंदाज बांधू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुसरे मत लोहजीवाणूंना जबाबदार धरते. एरनबेर्क यांनी १८३० च्या दशकात गॅलिओनेला या जीवाणूचे वर्णन केले. व्हिनोग्रॅड्स्की यांनी १८८८ च्या सुमारास लोहाच्या ऑक्सिडीभवनातून जीवाणू ऊर्जा मिळवितात, असे प्रतिपादन केले, तर मोलिश यांनी १९१० मध्ये लेप्टोथ्रिक्स या प्रजातीपुरता त्याला आक्षेप घेतला. गॅलिओनेलाच्या बाबतीत व्हिनोग्रॅड्स्की यांची कल्पना पुढे मान्य झाली. तथापि क्लोरीनयुक्त तलावात या जीवाणूंना थारा नसतो. त्यांचे क्षेत्र बोअरची नळी. तेथे साठलेला बुळबुळीत तांबडा चिखल मोटर सुरू होताच तुकड्यातुकड्यांनी तलावात येतो आणि डाग ‘अचानक’ पडल्यासारखे वाटतात.

तिसरा गट मानवनिर्मित स्रोतांवर भर देतो : जस्ताचा मुलामा उडालेले लोखंडी (जी. आय.) पाइप, आतून गंजलेली टँकरची टाकी, पाणी तापविण्याच्या यंत्रातील धातू, काँक्रीटमधून डोके काढणारी सळई, हिरवळीवर फेकलेले व वाऱ्याने तलावात आलेले फेरस सल्फेटयुक्त खत. भारतात त्यात तुरटीची भर घालावी लागेल. पाणी नितळण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या औद्योगिक तुरटीचे ‘फेरिक’ व ‘नॉन-फेरिक’ असे दोन प्रकार असतात आणि पिवळट-तपकिरी झाक असलेल्या पहिल्या, स्वस्त प्रकारात लोह असते. पाणी नितळण्यासाठी टाकलेली तुरटीच डागाची भर घालते, हा प्रकार परदेशी माहितीपुस्तकांत सहसा सापडत नाही. मिठापासून क्लोरीन तयार करणाऱ्या तलावात मिठाचे खडे होऊ नयेत म्हणून मिसळलेले सोडियम फेरोसायनाइडही लोहाचा स्रोत ठरते. अशा तलावासाठी ते नसलेले मीठ घ्यावे लागते.

डागाच्या आकारावरून उगमाचा तर्क करता येतो. सर्वत्र सारखी पसरलेली पिवळट छटा पाण्यातील लोहाची असते. नाण्याएवढा, मध्यभागी गडद ठिपका सळईचा असतो. त्याला रासायनिक उपाय नाही, तेथे खोदून सळई कापावी व गिलावा पुन्हा करावा लागतो. केसांच्या पिनेने उठविलेला डाग तर पिनेच्याच आकाराचा असतो.

प्रमाण : पिण्याच्या पाण्यात लोह ०.३ मिग्रॅ. प्रतिलिटरपेक्षा अधिक असल्यास कपड्यांवर व नळांवर डाग पडतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे; आरोग्याच्या कारणास्तव मात्र तिने लोहाची मर्यादा ठरविलेली नाही. तलावाच्या दृष्टीने ही ०.३ ची रेषा दिलासा देणारी नाही. ८ मी. × ४ मी. आकाराच्या व सरासरी १.४ मी. खोल तलावात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. त्यात ०.३ मिग्रॅ. या हिशेबाने १३.५ ग्रॅम लोह येते आणि त्यापासून साधारण २६ ग्रॅम कोरडा फेरिक हायड्रॉक्साइड बनू शकतो. शिवाय रोज ५ मिमी. पाण्याची वाफ होते असे धरल्यास दिवसाला १६० लिटर पाणी वरून घालावे लागते. पाणी उडून जाते, लोह मागे राहते. वर्षभरात या भरण्यानेच पहिल्या भरण्याएवढे लोह पुन्हा आत येते. पावसाळ्यात तलाव भरून वाहतो व थोडे लोह बाहेर जाते, तेवढीच काय ती सूट.

ओळख : सर्वांत प्रचलित परीक्षा क जीवनसत्त्वाच्या गोळीची आहे. गोळी डागावर अर्धा-एक मिनिट दाबून धरावी. तेथे फिकट वर्तुळ उमटले, तर डाग लोहाचा समजावा. औषधाच्या दुकानातील चघळायची नारिंगी गोळी यासाठी घेऊ नये. तिच्यात साखर व रंग असतो आणि फिकट झाले की नारिंगी, हेच कळेनासे होते. क जीवनसत्त्वाची साधी पांढरी भुकटी मोज्यात बांधून वापरलेली बरी. क्लोरिनाच्या गोळीने फिकटणारा डाग सेंद्रिय असतो. पाण्याच्या नमुन्यातील लोह मोजण्यासाठी फेनँथ्रोलीन (नारिंगी रंग) वा १९७० मध्ये स्टूकी यांनी सुचविलेले फेरोझिन (जांभळा रंग) ही अभिकारके वापरतात. भिंतीवर बसलेले लोह नमुन्यात येत नाही. त्यामुळे अहवालात ‘शून्य’ आणि तलाव तांबूस, यात विसंगती नाही.

निवारण : ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, फेरिक लोहाचे क्षपण करून त्याला पुन्हा विद्राव्य फेरस रूपात नेते. तेच आम्ल क्लोरिनाशीही तितक्याच तत्परतेने विक्रिया करते : एक भाग क्लोरीन सुमारे अडीच भाग आम्ल खातो. वरील तलावात १ मिग्रॅ. प्रतिलिटर क्लोरीन असेल, तर ११० ग्रॅमहून अधिक आम्ल डागाला स्पर्शही न करता संपेल. म्हणून आधी क्लोरीन शून्याजवळ येऊ देतात, पीएच मूल्य ७.२ च्या आसपास आणतात, शेवाळ धरू नये म्हणून तांबेविरहित शेवाळनाशक घालतात आणि मग दर १,००० लिटरना साधारण ६ ते १२ ग्रॅम या प्रमाणात आम्ल कडेकडेने टाकून पंप चालू ठेवतात. ताजे डाग अनेकदा तासाभरातच उतरतात. पायरीच्या कडेवरचा पिवळा पट्टा डोळ्यांदेखत विरतो.

येथेच बहुतेकांची फसगत होते. डाग नाहीसा झाला, पण लोह नाहीसे झालेले नाही. ते भिंतीवरून पाण्यात परतले आहे. त्याच संध्याकाळी नेहमीच्या मापाने क्लोरीन टाकला, तर दुसऱ्या दिवशी सगळे डाग, कधी कधी अधिक समप्रमाणात, जागेवर हजर असतात. म्हणून लगेच लोहबंधक (लोहाला पाण्यात विरघळलेलेच धरून ठेवणारे) द्रव्य घालून पुढील एक-दोन आठवडे क्लोरीन हळूहळू वाढवितात. पीएच मूल्य सोडा ॲशने झटक्यात न वाढविता पाणी उडते ठेवून, कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊ देऊन वाढविणे चांगले.

लोहबंधके बहुधा फॉस्फोनेट वर्गातील असतात; त्यांत एचईडीपी विशेष परिणामकारक मानले जाते. ती धातूच्या आयनाला दोन वा अधिक बाजूंनी पकडून कीलेट संयुग बनवितात. मॉर्गन व ड्रू यांनी १९२० मध्ये योजलेली ही संज्ञा खेकड्याच्या नांगीला असलेल्या ग्रीक शब्दावरून आली. नांगीची पकड कायमची नसते : क्लोरीन व ऊन यांनी द्रव्य विघटित होऊन फॉस्फेट बनते, त्यामुळे ठरावीक काळाने मात्रा द्यावी लागते. फॉस्फेटामुळे शेवाळ वाढते, या कारणावरून काही तज्ज्ञ ही द्रव्ये टाळतात. क्लोरीन योग्य पातळीवर असेल, तर हा आक्षेप फारसा टिकत नाही.

आपल्याकडे चिंच, लिंबू वा आमसुलाने तांब्या-पितळेची भांडी घासतात. लोहडागावर लिंबाच्या सायट्रिक आम्लाचा उपयोग होतो, पण ॲस्कॉर्बिकपेक्षा सावकाश. ऑक्झॅलिक आम्ल प्रभावी असले, तरी कठीण पाण्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटाचा पांढरा साका देते, म्हणून ते रिकाम्या तलावातच व हातमोजे घालून वापरतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने फरशीच्या सांध्यांतील ग्राउट खाल्ला जातो. चकचकीत टाइल मुळात डाग धरत नाही, सच्छिद्र ग्राउटच धरतो; तेव्हा हा उपाय डागापेक्षा महाग पडतो. देशावर कॅल्शियमच्या पांढऱ्या थराखाली लोह दडलेले असल्यास आधी तो थर काढावा लागतो. कोणतेही आम्ल ब्लीचिंग पावडरीजवळ नेऊ नये. विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

प्रतिबंध : लोह तलावात येण्यापूर्वी काढणे, हाच अंतिमतः कमी खर्चाचा मार्ग दिसतो. पाणी टाकीत कारंज्यासारखे उडवून वाळूच्या गाळणीतून घेणे ही जुनी रीत आहे. अमेरिकेत हौशी तलावमालक उशीत भरण्याचा कृत्रिम कापूस बादलीत ठासून त्यातून पाणी सोडतात. पण लोह आधी ऑक्सिडीभूत झालेले असेल, तरच कापूस ते अडवितो. आत आलेले लोह बाहेर काढायचे, तर नॉन-फेरिक तुरटीने साका खाली बसवून तो गाळ फिल्टरमधून न फिरविता थेट बाहेर सोडतात, किंवा थोडे थोडे पाणी बदलतात. संपूर्ण तलाव रिकामा करणे पावसाळ्यात धोक्याचे असते. कोकणात भूजल वर आलेले असताना रिकामे कुंड खालच्या दाबाने उचलले जाऊन त्याला तडे जातात.

फायबरग्लास व व्हिनाइलच्या तलावांवरही हेच उपाय लागू पडतात; मात्र त्यांवर तारेचा ब्रश चालवू नये. सिमेंटच्या तलावातही साध्या पोलादी तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे तुटलेले तंतू तळाशी राहून गंजतात.