सेप्सिसमधून घरी आलात, आता उठायचं कसं?

डिस्चार्ज मिळाला, रिपोर्ट बरे आले, डॉक्टर म्हणाले घरी न्या, आणि घरी आणल्यावर कळलं की आईला कॉटवरून उठताच येत नाहीये. आम्हाला येणारे बरेचसे फोन असेच असतात. मिरजेत हॉस्पिटलं पुष्कळ, त्यामुळे आयसीयूतून बाहेर पडलेले पेशंटपण पुष्कळ, आणि आम्ही चार फिजिओथेरपिस्ट सांगली-मिरज-कुपवाड भागात त्यांच्या घरी जातो. फोनवर सगळं सांगून होत नाही म्हणून हा कागद.

पहिलं म्हणजे पेशंट नाटक करत नाहीये. इन्फेक्शन कुठलंही असो, युरिनचं, निमोनिया, शुगरवाल्याच्या पायाची जखम, त्याच्याशी लढता लढता शरीराची यंत्रणाच बिथरते आणि किडनी, फुफ्फुसं, हार्ट यांना मार बसतो, तो सेप्सिस. त्यातून माणूस वाचतो पण तोवर स्नायू झिजलेले असतात, नुसतं पडून राहून नाही, आजारच ते खातो, नसांवरही परिणाम होतो. २०१३ साली आलेल्या लंडनच्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीवर मोजला होता, तो दहा दिवसांत सरासरी जवळजवळ १८ टक्के कमी झाला. दहा दिवसांत गेलेलं भरून यायला महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर.

एका काकूंना पाण्याचा तांब्या उचलवेना, घरच्यांना वाटलं लकवा मारला. लकवा बहुतेक एका बाजूला असतो, हा अशक्तपणा दोन्हीकडे सारखा असतो, खांदे आणि मांड्या जास्त गळतात. पण एकाच बाजूचा हातपाय पडला किंवा तोंड वाकडं झालं तर आमची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल.

आता व्यायाम. आधी कॉटच्या कडेला पाय खाली सोडून चार-पाच मिनिटं बसवायचं, तळवे जमिनीला टेकलेले. एकदम उभं केलं की बीपी पडतं आणि पेशंटही पडतो. बसणं जमलं की उठ-बस, आणि खरं सांगायचं तर आमचा निम्मा जीव ह्या एका व्यायामातच आहे. हातांची खुर्ची भिंतीला टेकवा, त्यावर चादरींच्या जाड घड्या घालून सीट उंच करा, पाय थोडे मागे, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे येईपर्यंत वाका आणि मग उठा. ३० सेकंदात किती वेळा जमलं ते आम्ही वहीत लिहितो. एका अण्णांच्या खुर्चीवर चार घड्या होत्या, उठताना दोन्ही हात खुर्चीवर दाबून मान लटलट हलायची, मग आठ-दहा दिवसांनी एक घडी काढायची असं करत करत शेवटची निघाली तेव्हा त्यांनी स्वतःच ती चादर सुनेकडे दिली, धुवायला टाक म्हणाले.

जमिनीवर मांडी घालून जेवायची घाई मात्र नको, बसता येतं, उठता येत नाही. भारतीय संडासचंही तेच, सध्या कमोड चेअर भाड्याने आणा.

जोर किती लावायचा? शून्य ते दहात दमायला मार्क द्यायला सांगा, तीन-चारवर थांबा, बोलताना वाक्य तुटायला नको. छातीत दुखलं, चक्कर आली, ऑक्सिजन ९० च्या खाली गेला की बंद (जुना दमा किंवा सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार असेल तर तुमच्या डॉक्टरांनी दिलेला आकडा धरा). सुरुवातीच्या काळात आमच्याकडूनही चूक झालीय, एका पेशंटला छान जमतंय म्हणून जास्त चालवलं आणि ते पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. तेव्हापासून आम्ही रोज थोडं आणि दिवसातून तीनदा, असंच करतो.

खाण्याचं काय, तर नारळपाणी आणि साबुदाण्याच्या खिचडीने स्नायू येत नाहीत. अंडी, डाळ, दही, पनीर, मटकी, चालत असेल तर मासे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं आणि गरज रोजची साठ-सत्तर ग्रॅमची असू शकते, म्हणजे बघा. फक्त किडनीला मार बसलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन पावडर आणू नका. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही सांगा, व्हेंटिलेटरच्या नळीनंतर गिळायला त्रास होऊ शकतो.

रात्री दचकून उठणं, आयसीयूत भिंतीवर मुंग्या दिसल्याचं सांगणं, नावं विसरणं, मूठभर केस गळणं, हेही दिसतं. वेड लागलेलं नाही, वाद घालू नका, ऐकून घ्या. महिनोन्महिने तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

आणि सेप्सिस होऊन गेलेल्याला पुन्हा इन्फेक्शनचा धोका जास्त असतो. थंडी वाजून ताप, असंबद्ध बोलणं, लघवी कमी, धाप, अंग गार आणि घामेजलेलं, यातलं काही नव्याने दिसलं तर आमचं सेशन राहू द्या, आधी हॉस्पिटल गाठा. म्हाताऱ्यांना कधीकधी ताप येतच नाही, उलट अंग थंड पडतं, तिथेच लोक फसतात.

पहिल्या भेटीला तासभर लागतो, तपासून मगच किती सेशन लागतील ते सांगतो, महिन्याचे पैसे आगाऊ घेत नाही. डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्या, मागे पट्टा असलेली चप्पल आणि ती हातांची खुर्ची तयार ठेवा. प्लास्टिकची नको, ती सरकते.