इक्विव्हॅलंट्स फॉर द मेगॅलिथ्स (पॉल नॅशचं चित्र)
हे ब्रिटिश चित्रकार पॉल नॅश (१८८९–१९४६) याचं १९३५ मधलं तैलचित्र, सध्या लंडनच्या टेट म्युझियमच्या संग्रहात आहे. विषय एव्हबरी गावाचे महापाषाण, म्हणजे प्राचीन काळी उभे केलेले प्रचंड दगड, पण चित्रात एकही दगड नाही! पीक कापून झालेलं शेत, मागे पायऱ्यापायऱ्यांची टेकडी, आणि मध्ये दगडांऐवजी गुळगुळीत सिलिंडर नि एक जाळीदार चौकट, जणू कोणी भूमितीचं सामान शेतात टाकून गेलंय.

एव्हबरी इंग्लंडच्या विल्टशायरमध्ये, तिथलं नवाश्मयुगीन दगडी वर्तुळ इतकं मोठं की गावाचा बराचसा भाग त्याच्या आतच बसलाय, आणि मधल्या शतकांत लोकांनी कितीतरी दगड पाडले, पुरले, आग लावून फोडले आणि घरं बांधायला वापरले. नॅश १९३३ च्या उन्हाळ्यात तिथे गेला तेव्हा दगड अर्धे गवतात, काही आडवे, काही कललेले, आणि त्याला ते तसेच भावले. पण जुनं काहीतरी पवित्र बघतोय ही भावना चित्रात नको होती त्याला, फक्त उभा, आडवा, कललेला असे आकार आणि आजूबाजूच्या जमिनीशी त्यांचा विरोध एवढंच पाहिजे होतं, म्हणून मग दगडांच्या जागी हे ‘पर्याय’ आले. चित्र पूर्ण अमूर्तही नाही, कारण शेत आणि टेकडी चक्क ओळखू येतात, आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे, नुसते सिलिंडर कोण बघत बसलं असतं?

नॅश पहिल्या महायुद्धात सैनिक होता, नंतर सरकारी युद्धचित्रकार झाला, तोफांनी उद्ध्वस्त केलेली जमीन त्याने भरपूर रंगवली. १९३३ मध्येच त्याने ‘युनिट वन’ हा आधुनिक कलावंतांचा गट काढला, पुढे सर्रिअलिझमकडेही (स्वप्नासारखी, अतार्किक दृश्यं रंगवणाऱ्या कलाप्रवाहाकडे) वळला. दुसऱ्या महायुद्धातलं पडलेल्या जर्मन विमानांच्या भंगाराचं ‘टोटेस मेअर’ हे त्याचं फार गाजलेलं चित्र.

इकडे १९३४ पासून मार्मलेडच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या घराण्यातला अलेक्झांडर केलर एव्हबरीत खोदकाम करून पडलेले दगड पुन्हा उभे करू लागला. त्यामुळे पहिली जादू गेली असंच नॅशचं मत. गंमत म्हणजे जे दगड सापडले नाहीत त्यांच्या जागी केलरने काँक्रीटचे खांब बसवले, म्हणजे शेतात भूमितीचे आकार खरंच आले.