समुद्र नसलेल्या काउंटीत पोरांना न्यायचं कुठे? रॉसकॉमनच्या सहलींमागची गोष्ट

आयर्लंडच्या पश्चिमेला कॉनॉट प्रांत आहे, त्यात पाच काउंट्या, आणि त्या पाचांत समुद्र न मिळालेली एकटी रॉसकॉमन. शेजारच्या लीट्रिमला चार-पाच किलोमीटरचा का होईना किनारा आहे, रॉसकॉमनच्या वाट्याला मात्र शॅनन नदी, तळी, कुरणं आणि गाई-मेंढ्या, बस. आता आयरिश माणसाची सुट्टी म्हणजे वर्षानुवर्षं समुद्रच, त्यामुळे डब्लिनकर पोरं आणि बॅगा गाडीत कोंबून स्लायगोला नाहीतर मेयोला निघायचे आणि रॉसकॉमन नुसतं वाटेत लागायचं. थांबलेच तर पेट्रोलला.

आज मात्र इथे फॅमिलीसाठी दोन-तीन दिवस सहज जातील एवढं बघायला आहे. जंगलातलं पार्क, दुष्काळाचं म्युझियम, कोळशाची खाण, हॅलोवीनची गुहा, जुनी बराक. गंमत म्हणजे यातली एकही जागा सहलीसाठी बनलेली नाही. कुणाचा बंगला जळला, कुठे खाण बंद पडली, कुणी गॅरेजसाठी जागा घ्यायला गेला आणि जुने कागद हाती लागले, असं होत होत हे सगळं उभं राहिलंय. त्यामुळे ब्रोशरमधले फोटो बघण्याआधी या जागा आधी कुणाच्या होत्या ते बघावं लागतं.

सुरुवात लॉख कीपासून करू, कारण मुलांना घेऊन येणाऱ्यांचा पहिला स्टॉप बहुतेक तोच असतो. बॉयल गावाजवळचं तळं, त्याच्या काठाने सुमारे 800 एकरांचं फॉरेस्ट पार्क. हा मुलूख मूळचा मॅकडर्मट या आयरिश घराण्याचा, तळ्यातल्या एका बेटावर त्यांचा गढीवजा किल्ला होता, त्या जागेवरचे अवशेष आजही काठावरून दिसतात. सतराव्या शतकात इंग्रजी सत्तेने जमिनी काढून घेतल्या आणि त्या किंग नावाच्या घराण्याला मिळाल्या. या किंग लोकांनी आधी बॉयल गावातच मोठं घर बांधलं, मग 1810 च्या सुमाराला तळ्याकाठी रॉकिंगहॅम नावाचा राजवाडाच उठवला. आर्किटेक्ट कोण, तर जॉन नॅश, लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसवर पुढे ज्याने काम केलं तोच.

इथे एक गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. घराच्या चारही बाजूंनी नजर जाईल तिथे तळं नाहीतर हिरवळ दिसावी, मधे कुणी पाटी वाहणारा, सरपण आणणारा माणूस दिसता कामा नये, असा मालकांचा आग्रह. म्हणून नोकरांसाठी जमिनीखालून बोगदे काढले. तळ्यावर होडीने आलेलं सामान या बोगद्यातून थेट घरात जायचं, पाहुण्यांना पत्ताही लागायचा नाही. घर आता राहिलेलं नाही पण बोगदे आहेत, दगडी कमानीचे, ओलसर, आणि हल्ली त्यात शिरून पोरं आवाज घुमतो का बघायला जमेल तेवढ्या जोरात ओरडतात. ज्या वाटेने गुपचूप जायचं एवढाच नियम होता तिथे हा गोंधळ! मला स्वतःला तिथल्या झिपलाइनपेक्षा हे जास्त आवडतं.

घर गेलं कसं? 1957 मध्ये आग लागली. पण खरं सांगायचं तर या घरांचा दम त्याआधीच निघालेला होता. 1881 मध्ये लँड कमिशन, म्हणजे जमिनींचे व्यवहार बघणारं सरकारी मंडळ आलं, 1903 च्या कायद्याने सरकारने कुळांना कर्ज देऊन जमिनी विकत घ्यायला लावल्या आणि कुळं ते पैसे वर्षाच्या हप्त्यांनी फेडायला लागली. म्हणजे जमीनदाराकडे घर उरलं, खंड बंद. शंभर खोल्यांचं छप्पर गळतं राहायचं आणि दुरुस्तीला पैसा नाही, अशी देशभरातल्या अनेक घरांची अवस्था होती. रॉकिंगहॅम जळल्यावर इस्टेट लँड कमिशनकडे गेली, शेतजमीन वाटली गेली, झाडीचा भाग वनखात्याने ठेवला. जळका सांगाडा 1970 च्या आसपास धोकादायक म्हणून पाडून टाकला आणि त्याच जागेवर काँक्रीटचा मॉयलर्ग टॉवर बांधला. त्याच्यावर चढून तळं छान दिसतं हे खरं, पण टॉवर स्वतः इतका रुक्ष आहे की नॅशने बघितला असता तर... असो. 2007 मध्ये झाडांच्या शेंड्यांतून जाणारा सुमारे 300 मीटरचा लाकडी मार्ग झाला, तेव्हापासून फॅमिली गर्दी खऱ्या अर्थाने वाढली, आणि पावसाच्या दिवसासाठी आत खोल्याखोल्यांत कोडी सोडवायचा खेळही आहे. पावसाचा दिवस म्हणजे काय, आयर्लंडमध्ये तो जवळजवळ कधीही.

स्ट्रोक्सटाउनची गोष्ट मात्र वेगळ्याच वजनाची आहे.

तिथे मेहन घराण्याची इस्टेट. घर अठराव्या शतकातलं, आणि त्यातलं स्वयंपाकघर बघाच, वरच्या बाजूला कठड्याची गॅलरी आहे, घरच्या बाईसाहेब सोमवारी सकाळी तिथून आठवड्याचा मेनू लिहिलेला कागद खाली आचाऱ्याकडे टाकायच्या. खाली उतरायची गरज नाही, धूर-वास नाही, बोलणंही नाही. 1845 मध्ये गरिबांचं मुख्य अन्न असलेल्या बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ सुरू झाला तेव्हा ही इस्टेट मेजर डेनिस मेहन यांच्याकडे नुकतीच आली होती, कर्जात बुडालेली, खंड थकलेला. गरिबांना पोसायचा कर जमीनदारावर होता, म्हणून त्यांच्या कारभाऱ्याने हिशेब मांडला की कुळांना इथे जगवण्यापेक्षा जहाजाचं भाडं भरून कॅनडाला पाठवणं स्वस्त पडतं. 1847 च्या मे महिन्यात 1,490 माणसं, बायकापोरांसकट, स्ट्रोक्सटाउनहून रॉयल कॅनॉलच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली, तिथून लिव्हरपूल, तिथून जहाजं. त्यातल्या व्हर्जिनियस जहाजावर 476 जण होते, त्यातले 158 समुद्रातच गेले. कॅनडात क्वेबेकजवळच्या ग्रॉस ईल बेटावरच्या क्वारंटाईनमध्ये आणखी मेले. त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला मेजर मेहन घरी परतताना रस्त्यात गोळी घालून मारले गेले.

पूर्ण काउंटीची अवस्था सांगायची तर 1841 मध्ये अडीच लाखांवर असलेली लोकसंख्या दहा वर्षांत जवळजवळ एक तृतीयांशाने घटली, आणि त्यानंतरही कित्येक दशकं घटत राहिली, अलीकडे थोडी वाढूनही 2022 च्या जनगणनेत जेमतेम 70 हजार. रस्त्यांवरची ती शांतता, मोकळी कुरणं, दगडी भिंतींचे अवशेष, जे बघून आपण वा काय निवांत आहे म्हणतो, त्यातलं बरंचसं असं आलेलं आहे. पर्यटनवाले हे वाक्य पोस्टरवर लिहिणार नाहीत, साहजिक आहे.

म्युझियम कसं झालं ते तर कथाच. 1979 मध्ये मेहन घराण्याच्या शेवटच्या मालकीणबाईंनी इस्टेट विकली, घेणारे जिम कॅलरी, गावातलेच, ट्रकचा धंदा असलेले, त्यांना मुळात गॅरेज वाढवायला जागा हवी होती. घरात फिरताना जुने कागद हाती लागले, त्यात क्लूनाही नावाच्या वाडीतल्या कुळांनी 1846 मध्ये केलेला अर्ज होता, भीक मागत नाही, काम द्या, उपाशी पोरांना काहीतरी घालता येईल, अशा अर्थाचा. कॅलरींनी घर पाडलं नाही की विकलंही नाही. निघालेल्या कागदांची संख्या पुढे 50 हजारांवर गेली आणि 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते राष्ट्रीय दुष्काळ म्युझियम उघडलं, तेही जमीनदाराच्याच तबेल्यांत. 2022 मध्ये ते नव्याने सजवून परत उघडलं. कुळं ज्या वाटेने चालत गेली तिथे आता 165 किलोमीटरचा चालण्या-सायकलचा मार्ग आहे, त्याच्या कडेने ठिकठिकाणी ब्राँझचे लहान मुलांचे बूट बसवलेत, एका पडक्या घरात सापडलेल्या खऱ्या जोडावरून बनवलेले. लहान पोरं त्या बुटांशेजारी आपला पाय ठेवून माप बघतात. म्युझियम आतून जड आहे हे मान्य, पण बाहेर भिंतीआडची बाग आणि जंगलातली वाट आहे, त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलांना न्यायला काहीच हरकत नाही, फक्त जेवून मग आत जाऊ नका.

1994 हे साल इथे परत परत येतं आणि तो योगायोग नाही. युरोपातून येणारा विकासनिधी त्या दशकात ग्रामीण आयर्लंडमध्ये जोरात ओतला जात होता, पर्यटनाला त्यात मोठा वाटा होता. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षात शस्त्रसंधी झाली तीही 1994 लाच, आणि शॅनन व अर्न या दोन नद्यांना जोडणारा जुना बंद कालवा त्याच वर्षी होड्यांसाठी खुला झाला. बॉयलमधलं किंग घराण्याचं ते पहिलं घर, किंग हाऊस, काउंटी कौन्सिलने दुरुस्त करून उघडलं तेही याच लाटेत. 1730 च्या सुमाराचं घर, पण किंग मंडळींनी ते सोडल्यावर लष्कराने घेतलं आणि मग जवळपास दीड शतक ती बराकच होती.

किंग हाऊसमध्ये भारतातून गेलेल्या माणसाने एक दालन चुकवू नये, ते म्हणजे कॉनॉट रेंजर्स या रेजिमेंटचं. ब्रिटिश सैन्यातली ही पश्चिम आयर्लंडच्या पोरांची रेजिमेंट. 1920 च्या जूनमध्ये आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैनिक लोकांवर अत्याचार करतायत अशा बातम्या घरून आल्या आणि पंजाबात जालंधरला असलेल्या या जवानांनी ड्युटी करायला नकार दिला. बंड सोलनलाही पोचलं. जेम्स डेली नावाच्या जवानाला 2 नोव्हेंबर 1920 रोजी दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या, बंडासाठी मृत्युदंड दिलेला तो ब्रिटिश सैन्यातला शेवटचा सैनिक. पन्नास वर्षांनी, 1970 मध्ये, त्याचे अवशेष आयर्लंडला नेले. मुलं तिथे बहुतेक युनिफॉर्म बघण्यात गुंग असतात, पण जालंधर हे नाव भिंतीवर दिसलं की आपले पाय थबकतातच.

अरिग्ना उत्तरेकडच्या डोंगरात. इथे आधी लोखंड काढायचे, मग कोळसा, एकूण चारेकशे वर्षं. कोळसा फार चांगला नव्हता आणि थर इतका पातळ, की खाणकामगार उभा राहूच शकत नसे, ओल्या दगडावर कुशीवर झोपून तासन्‌तास कुदळ चालवायची. 1958 मध्ये शेजारी वीजकेंद्र झालं, हलका कोळसा तिथे जळायला लागला आणि खोऱ्याला बरे दिवस आले. 1990 मध्ये केंद्र बंद, खाण बंद, एका फटक्यात रोजगार गेला. मग गावकऱ्यांनीच धडपड करून 2003 मध्ये खाण पर्यटकांसाठी उघडली. डोक्यावर हेल्मेट घालून आत जायचं, आत उन्हाळ्यातही 10 अंशांच्या आसपास, त्यामुळे जॅकेट हवंच. खरी मजा मात्र गाईडची, कारण इथले गाईड म्हणजे याच खाणीत राबलेली माणसं. पुस्तकी काही नाही, इथे मी झोपायचो, तिथे माझा भाऊ, असं चालतं. पण खाण 1990 ला बंद झाली, म्हणजे त्यातला तरुणातला तरुणही आता पन्नाशीच्या पुढे, तेव्हा जायचं असेल तर लवकर जा. वर डोंगरावर आता पवनचक्क्या फिरतायत.

आणि सगळ्यात जुनं प्रकरण रॅथक्रोहन. टल्स्क गावाजवळ, कॉनॉटच्या जुन्या राजांची राजधानी. 240 च्या वर पुरातत्त्वीय जागा आहेत म्हणे, पण दिसतं काय तर कुरण आणि कुरणात मातीचा एक मोठा गोल उंचवटा, सुमारे 90 मीटर रुंद. गोष्ट माहीत नसेल तर पाच मिनिटांत पोरं कंटाळणार, गॅरंटी. गोष्ट अशी, की राणी मेव्ह आणि तिचा नवरा आयलिल अंथरुणात पडल्यापडल्या भांडतात, श्रीमंत कोण, तू की मी. दोघांची मालमत्ता मोजली तर सगळी बरोबरीत, फक्त त्याच्याकडे पांढऱ्या शिंगांचा एक बैल जास्त. मग राणी तोडीस तोड बैल आणायला उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतावर फौज घेऊन जाते आणि केवढं युद्ध पेटतं. विराटाच्या गाईंवरून कौरव कसे चालून गेले होते हे ज्या मुलांनी आजीकडून ऐकलंय त्यांना यात नवल वाटणार नाही, गोधनावरून लढाया सगळीकडेच झाल्या. शेवटी दोन बैलांची झुंज याच रॅथक्रोहनला होते, आणि ती जिथे झाली म्हणतात तो मातीचा गोल कोट शेतात अजून आहे.

शेजारीच एका काटेरी झुडपाखाली मांजरांची गुहा म्हणतात ती. भोक एवढंसं, वाकून नव्हे रांगतच जावं लागतं, आत चिखल, तोंडाशी डोक्यावरच्या दगडावर ओघम या जुन्या आयरिश लिपीत कोरलेलं नाव, त्यात मेव्हचाही उल्लेख असल्याचं वाचतात. जुन्या कथांमध्ये साउन सणाच्या रात्री परलोकातली भुतंखेतं याच गुहेतून बाहेर येतात, आणि साउन म्हणजे हॅलोवीनचं मूळ, त्यामुळे हॅलोवीन इथे जन्मला असा दावा हल्ली जोरात असतो. टल्स्कचं माहिती केंद्र 1999 मध्ये झालं, तिथून गाईड घेऊन गेलात तरच या सगळ्याला अर्थ आहे. हे सगळं खाजगी शेतकऱ्यांच्या जमिनीवर आहे, अजून तिथे मेंढ्या चरतात, फाटक उघडलं तर लावायला विसरू नका.

बाकी रॉसकॉमन गावातला 1269 चा किल्ला फुकट आहे आणि शेजारी खेळायचं मैदान, लहान मुलांना एवढं पुरतं. बॉयलचा 1161 चा मठही सुंदर, पण त्याला खेळकर म्हणता येणार नाही. 2014 मध्ये सरकारी पर्यटन खात्याने पश्चिम किनाऱ्याचा वाइल्ड अटलांटिक वे काढला, पुढच्या वर्षी पूर्वेचा ब्रँड काढला, आणि मधल्या काउंट्यांनी आमचं काय असं विचारल्यावर 2018 मध्ये हिडन हार्टलँड्स नावाचा तिसरा आला, रॉसकॉमन त्यात. एवढी वर्षं कुणी थांबत नव्हतं त्याचंच ब्रँडमध्ये लपलेलं करून टाकलं, डोकं लावलंय. 2019 ला शेजारच्या लाँगफर्डमध्ये छपराखालच्या वॉटर पार्कचं सेंटर पार्क्सही उघडलं, त्यामुळे डब्लिनच्या फॅमिली आता या बाजूला मुक्कामाला येतात, आणि तिथून स्ट्रोक्सटाउन गाडीने फार लांब नाही.