पणजोबांना बायका दोन की एकच? वंशावळीतल्या शंकांविषयी

वंशावळ करून घ्यायला आलेल्या बहुतेक घरांत एक तरी जागा अशी असते, जिथे मोठी माणसे विषय बदलतात. पाटाची (पुनर्विवाहाची) बायको, दत्तक, किंवा नुसतेच 'ते मुंबईला असायचे'. अशा जागांबद्दल हे पत्रक आहे.

नावांचा घोळ

लग्नात मुलीचे नाव बदलायचे. माहेरची गंगू सासरी राधाबाई झाली, म्हणून कागदावर दोन नावे दिसली की लगेच दोन बायका धरू नयेत. उलटही घडते: पहिली बाळंतपणात गेली आणि तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न झाले, तर माहेर एकच, मग दोघी एकच वाटतात. तेव्हा मुलांच्या जन्मांतले अंतर आणि पहिलीची मृत्यूनोंद पाहावी लागते.

जन्मनोंद बापाच्या गावात सापडली नाही तर निराश होऊ नका. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून आईच्या गावचे कोतवाल बुक (गाव नमुना १४) आधी चाळतो. चाकरमान्यांच्या मुलांची नोंद मुंबई महापालिकेत असू शकते. जुन्या बुकात मुलाचे नाव बहुधा नसतेच, 'मुलगा' एवढेच आणि बापाचे नाव. तेही अनेकदा मोडीत.

कागद कोणी लिहवला?

आमचा पहिला प्रश्न हाच. वारसाच्या फेरफारात जमिनीचा हिशेब असतो, नात्याचा नव्हे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येण्यापूर्वी मुलींची नावे त्यात सहसा नसत. त्यामुळे नाव नाही म्हणजे मुलगी नव्हती, असे होत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आम्हाला जास्त भरवशाच्या वाटतात, कारण यात्रेला गेलेल्याने स्वतः सांगितलेले तिथे असते. छापील कुलवृत्तांतात मात्र अडचणीची फांदी छाटलेली असू शकते.

लग्न झाले होते का?

जुन्या लग्नांना दाखला सहसा मिळत नाही. लग्नपत्रिका, फेरफारातला 'विधवा' हा शब्द, यांवरून जुळवावे लागते. मुंबई इलाख्यात हिंदूंना दुसरी बायको करण्यास बंदी १९४६ च्या कायद्याने आली; त्याआधीच्या दोन बायका बेकायदा नव्हत्या. (हे ऐकून कितीतरी आजोबांचा जीव भांड्यात पडतो.) १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम १६ अवैध विवाहातल्या मुलांनाही औरस मानते. मात्र वाटणीचा प्रश्न असेल तर वकिलाकडे जा, आमच्याकडे नको.

डीएनए?

सावत्र भावंडांत साधारण २५ टक्के डीएनए जुळतो, पण काका-पुतण्यांतही तितकाच. त्यात मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरांत आकडे फुगतात. कागद संपल्यावरच आम्ही डीएनए चाचणी सुचवतो, आणि घरातल्या हयात माणसांची संमती असल्यावरच.

वंशावळीत पुराव्याचे नाते आम्ही ठळक रेघेने आणि अंदाजाचे तुटक रेघेने दाखवतो. जात पडताळणीसाठी तुटक रेघ ठळक करून द्या, असे कृपया सांगू नये.

येताना जुने सातबारा, शाळेचे दाखले, कुळदेवाच्या गावाचे नाव आणि घरातल्या सर्वांत वयस्क आजींची सवड आणा. मोडी कागद आहेत तसेच आणा. लॅमिनेशन करू नका.