सर्व्हिसिंग आणि रिस्टोरेशन: ही गल्लत आता पुरे

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचा सोहळा भरला. तेव्हापासून बडोद्यात, निदान माझ्या ओळखीपाळखीत तरी, जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं वेड वाढलेलं दिसतं. कोणी सॅन स्टॉर्म ही भारतीय बनावटीची छोटी गाडी शोधून आणतो, कोणी मर्सिडीजची वीस वर्षांची एसएलके. हौसेला मोल नाही, त्याबद्दल तक्रारही नाही. वैताग येतो तो ‘रिस्टोरेशनला टाकलीय’ हे ऐकून. काय काय केलं विचारावं, तर ऑइल, फिल्टर, प्लग. अहो, हे सर्व्हिसिंग! नाहीतर अगदी उलट: घेतल्या घेतल्या गाडी रंगाला गेली, लाल रेक्झिनच्या सीटा शिवून झाल्या, आणि ब्रेक ऑइल कोणत्या साली भरलंय हे मालकाला ठाऊक नाही.

सर्व्हिसिंग तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात उरकतो. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, सगळे फिल्टर, बॅटरी, अर्थिंगच्या वायरी. टायमिंग बेल्टचं (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा रबरी पट्टा) इंजिन असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल हातात नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा. आधीच्या मालकाच्या ‘आत्ताच केलंय’ला काही किंमत नाही. रिस्टोरेशन म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तशी परत करणं. त्याला पैसे जास्त लागतात, वेळ जास्त लागतो, मिस्त्रीही वेगळा लागतो. हे फरक सगळ्यांनाच कळतात.

लोक चुकतात ते दुसरीकडेच. दोन्ही कामांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. सर्व्हिसिंगमध्ये चांगला दिसणारा भागसुद्धा वय झालं म्हणून काढून टाकायचा. रिस्टोरेशनमध्ये खराब दिसणारा भागसुद्धा मूळचा आहे म्हणून जपायचा. पितळी पातेल्याला कल्हई वेळच्या वेळी नवी करतात, म्हणून पातेलं कोणी मोडीत घालत नाही. आपल्याकडे मात्र पंधरा वर्षांचा ब्रेकचा रबरी होज पाइप ‘चांगलाय की अजून’ म्हणून राहतो आणि मूळचं, हाताने गुळगुळीत झालेलं स्टीअरिंग भंगारात जातं.

तो होज पाइपच घ्या. रबर किलोमीटरने नाही, वर्षांनी म्हातारं होतं. ‘फक्त बावीस हजार चाललीय’ हे वाक्य मला म्हणून तर आवडत नाही. उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त संशयास्पद. पाइप बोटांत धरून वाकवला आणि बारीक भेगा उघडल्या, तर निकाल तिथेच लागला. पण बाहेरून धड दिसणारा पाइप आतून फुगलेला असू शकतो. पेडल दाबलं की दाबाने ऑइल पुढे ढकललं जातं, पाय उचलल्यावर मात्र ते चटकन मागे येत नाही. ब्रेक अर्धवट धरलेलाच राहतो, गाडी एका बाजूला ओढते, थोडं चालवून उतरलात तर एकच चाक तापलेलं लागतं. गॅरेजवाला चाकावरचा ब्रेक आवळणारा कॅलिपर बदलायला सांगतो, बिल वाढतं, दुखणं तसंच.

ब्रेक ऑइलचंही तेच. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश असतो, ओलावा शिरला की १५५ पर्यंत उतरू शकतो. पावागडच्या माचीवरून घाट उतरताना ते उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदला, रंग पाहत बसू नका. (डॉट ५ भरू नका. ते सिलिकॉनचं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र मिसळतं. ही नावं ज्याने ठेवली त्याला नमस्कार.) टायरच्या कडेवर २३१६ असे चार आकडे असतील तर तो २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल असो, उतरवा. आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या पेट्रोल पाइपांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्या, आणि रंगाच्या आधी घ्या.

आता उलटा नियम. मूळच्या काचेवरचा कंपनीचा शिक्का, मीटरच्या तबकड्या, बिल्ले, सीटचं चामडं, आणि बरा असेल तर रंगसुद्धा, हे सगळं काढायच्या आधी दहादा विचार करा. नवा बिल्ला कधीही बसवता येतो, मूळचा एकदा फेकला की गेला. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. तुमची गाडी त्या वयाला पोचेल तेव्हा आज फेकलेलं सामान आठवेल.

दोन्ही नियम एकाच भागावर आले तर जिवाशी खेळ असेल तिथे सर्व्हिसिंगचा नियम चालतो. तरी मधला मार्ग बहुधा निघतो: पितळी रेडिएटरच्या टाक्या जुन्याच ठेवून मधली जाळी नवी करून घेता येते.

ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात उभी होती अशी शंका असलेली गाडी असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. कार्पेट उचला, सीटच्या रुळांत गाळ आहे का बघा, वायरिंगचे जोड उघडा. हिरवट थर दिसला तर आधी वायरिंग.

माझं म्हणणं: सर्व्हिसिंग संपवून गाडी एक अख्खा पावसाळा चालवा, कुठे गळते, कुठे गंजते ते तीच दाखवेल. मग रंगाचं बघू. आणि रंगाला द्याल तेव्हा चेसिस नंबरवर स्वतः टेप लावा, पेंटरवर सोडू नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते आणि तिथे तो नंबर तपासतात. ग्राइंडरने पुसट झाला असेल, तर तो खरा आहे हे पटवत बसायचं काम तुमचं.