एक स्टॅम्प चिकटवायचा, एक फाडायचा

१९४३ साली अमेरिकेत कारखान्यात जाणाऱ्या एखाद्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीची पर्स उघडली असती, तर त्यात बहुधा दोन छोटी पुस्तकं निघाली असती. दोन्ही सरकारी, दोन्हींवर 'वॉर' हा शब्द आणि दोन्हींत स्टॅम्प. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात आजही ती 'वॉर स्टॅम्प' या एकाच नावाखाली दिसतात आणि घेणाऱ्याचा घोळ होतो. ओळखायची खूण मात्र अगदी सोपी आहे. एक पुस्तक कोरं मिळायचं आणि चिकटवत चिकटवत भरायचं. दुसरं भरलेलं मिळायचं आणि फाडत फाडत रिकामं व्हायचं.

भरायचं ते बचतीचं. १ मे १९४१ला, म्हणजे अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याआधीच, सरकारने बचतीचे बाँड आणि स्टॅम्प विकायला काढले. तेव्हा नाव होतं 'डिफेन्स'. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर ते 'वॉर' झालं. १० सेंटपासून ५ डॉलरपर्यंतचे हे स्टॅम्प पोस्टात, बँकेत, शाळेत, दुकानात मिळत. २५ सेंटचे ७५ स्टॅम्प अल्बममध्ये लावले की १८ डॉलर ७५ सेंट होत. तो अल्बम देऊन बाँड घ्यायचा आणि दहा वर्षांनी त्याचे २५ डॉलर घ्यायचे. आपल्याकडच्या किसान विकास पत्राच्याच जातीचा प्रकार. एक मेख होती: स्टॅम्पवर दमडीचंही व्याज नव्हतं, ते सुरू व्हायचं बाँड हातात आल्यावर. स्टॅम्प म्हणजे नुसता गल्ला.

कारखान्यात पगारातून बाँडसाठी कापून घ्यायची सोय होती आणि दहा टक्के द्या, असा प्रचार सतत चालू असे. तरी हे कायद्याने सक्तीचं नव्हतं. शेजारणीने घेतला आणि आपण नाही, ही टोचणी होती ती वेगळी. नाचाच्या कार्यक्रमाला फुलांऐवजी वॉर स्टॅम्पचा गुच्छ ड्रेसवर टोचून जायची फॅशन आली होती. हौस झाली की तेच स्टॅम्प अल्बममध्ये. फुलं दुसऱ्या दिवशी कोमेजतात, त्या मानाने सौदा वाईट नाही.

रेशनच्या पुस्तकाचं प्रकरण गुंतागुंतीचं, आणि मराठी वाचकाची गफलतही इथेच होते. आपल्याकडे रेशन म्हटलं की स्वस्त धान्य आठवतं. अमेरिकेतला रेशन स्टॅम्प काहीही स्वस्तात देत नसे. सरकारने बांधून दिलेल्या दराने पैसे पूर्ण मोजायचे, वर स्टॅम्पही द्यायचा. तो होता फक्त विकत घेण्याचा हक्क. ताटलीत तुकडा किती पडेल हे पैशांनी नाही, पॉइंटनी, म्हणजे स्टॅम्पवरच्या आकड्यांनी ठरायचं. गिरणीमालकाच्या बायकोलाही तेवढेच पॉइंट आणि वेल्डिंग करणाऱ्या मुलीलाही तेवढेच.

पहिलं पुस्तक मे १९४२मध्ये शाळाशाळांतून वाटलं गेलं. नोंदणीला शिक्षक बसले होते आणि पुस्तकावर उंची, वजन, डोळ्यांचा रंगसुद्धा लिहीत. सुरुवात साखरेपासून झाली: माणशी आठवड्याला अर्धा पौंड. कुठला नंबर कशाला आणि कधीपर्यंत चालेल हे पुस्तकावर छापलेलं नसे, ते वर्तमानपत्रात जाहीर व्हायचं. त्यामुळे फेब्रुवारी १९४३मध्ये बुटांवर रेशन आलं तेव्हा साखरेच्याच पुस्तकातला १७ नंबरचा स्टॅम्प बुटांसाठी चालवला. साखरेच्या पुस्तकावर बूट!

त्याच वर्षी मार्चमध्ये पॉइंट आले. निळे स्टॅम्प डबाबंद भाज्या-फळांसाठी, माणशी महिन्याला ४८ पॉइंट. लाल स्टॅम्प मांस, लोणी, चीजसाठी, आठवड्याला १६. एकेका स्टॅम्पवर ८, ५, २ किंवा १ असा आकडा. दुकानात डोक्यात दोन हिशेब एकदम चालवायचे, सेंटचा आणि पॉइंटचा. पॉइंटचे सुटे द्यायची सोपी सोय फेब्रुवारी १९४४मध्ये आली, लाल-निळ्या चकत्यांच्या रूपात. आणि स्टॅम्प घरून फाडून नेलेला चालत नसे, तो दुकानदारासमोरच फाडायचा.

घर सोडून नोकरीला आलेल्या मुलीचं तर आणखीच. कॅलिफोर्नियात रिचमंडच्या जहाज कारखान्यांसाठी देशभरातून माणसं आली होती आणि राहायला जागा नव्हती. जेवणासकट खोली मिळाली, तर रेशनचं पुस्तक मालकिणीच्या हवाली करावं लागे. म्हणजे पगार आपला, बचतीचा अल्बम आपला, पण लोण्याचा हक्क मालकिणीच्या कपाटात.

लाल पॉइंट कमवायची एक वाट मात्र होती. तळणीतून उरलेली चरबी चुलीशेजारच्या डब्यात साठवायची आणि खाटकाकडे न्यायची. तिच्यातून निघणारं ग्लिसरीन स्फोटकांना लागे. १९४३च्या डिसेंबरपासून पैशांबरोबर वर लाल पॉइंटही मिळू लागले.

गोंधळात भर घालणारं तिसरं नाव म्हणजे फूड स्टॅम्प. ही गरिबांसाठीची योजना १९३९मध्ये सुरू झाली आणि १९४३मध्ये थांबली. तिच्यातही निळे स्टॅम्प होते, पण ते खरोखरच जास्तीचं धान्य-फळं मिळवून देत. रेशनच्या निळ्याशी त्यांचा संबंध नाही.

इतक्या वेगळ्या दोन वस्तूंवर एकच 'वॉर' का, याचं उत्तर महागाईत आहे. कारखाने रात्रंदिवस चालू, पगार कधी नव्हे एवढे, आणि बाजारात नवी मोटार नाही, रेफ्रिजरेटर नाही. सगळा पैसा उरलेल्या मालावर तुटून पडला असता तर दर कुठल्या कुठे गेले असते. रेशन स्टॅम्प माल वाटून द्यायचा, बचतीचा स्टॅम्प पैसा बाजारातून काढून घ्यायचा.

युद्ध संपल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मांस-लोण्याचं रेशन नोव्हेंबर १९४५मध्ये उठलं, साखरेचं जून १९४७मध्ये, आणि उरलेले स्टॅम्प रद्दी झाले. बचतीच्या स्टॅम्पची किंमत मात्र कायम राहिली. म्हणूनच स्टॅम्प शिल्लक असलेलं रेशनचं पुस्तक आज सहज मिळतं आणि पूर्ण भरलेला अल्बम क्वचितच दिसतो. भरला की तो बाँडच्या बदल्यात जमा व्हायचा. विकायला येतात ते बहुतेक अर्धवट सोडलेले.