महालातला छोटा सर्व्हर आणि दारात आलेला थोरला पाहुणा

नागपूरच्या महाल भागात एका मित्राच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर डब्याएवढा संगणक दिवसरात्र सुरू असतो. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की तो कूलरच्या हवेत ठेवावा की ओल लागेल म्हणून लांब, ही तिथली दरवर्षीची चर्चा. त्यावर मॅस्टोडॉनचा सर्व्हर आहे. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखं, पण एका कंपनीच्या मालकीचं नसलेलं, अनेक सर्व्हर जोडून बनलेलं समाजमाध्यम. पंधरा-वीस नागपूरकर तिथे मराठीत लिहितात आणि त्यांचं लिखाण जगभरच्या हजारो सर्व्हरांवरची माणसं वाचू शकतात.

युजेन रोच्को या जर्मनीतल्या तरुणाने 2016 साली मॅस्टोडॉन आणलं. इथला पत्ता ईमेलसारखा असतो: आधी नाव, मग सर्व्हर. सर्व्हर एकमेकांशी 'अ‍ॅक्टिव्हिटीपब' नावाच्या खुल्या नियमांनी बोलतात, आणि वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2018 मध्ये त्यांना मान्यता दिली. नियम खुले असल्यामुळे फेसबुकवाल्या मेटा कंपनीलाही दार उघडंच होतं. तिचं थ्रेड्स हे ट्विटरसारखं अ‍ॅप 2023 च्या जुलैत आलं आणि डिसेंबरात या जाळ्याशी जोडणीच्या चाचण्या सुरू झाल्या. कित्येक सर्व्हरचालकांनी मात्र त्याआधीच 'आम्ही ब्लॉक करणार' असं जाहीर केलं होतं.

मोठी कंपनी जाळंच गिळेल ही भीती उगाच नव्हती. एक्सएमपीपी हे गप्पांचं असंच खुलं जाळं होतं. 2006 मध्ये गूगल टॉक त्याला जोडलं गेलं, तेव्हा छोट्या सर्व्हरवाल्यांना आनंदच झाला. हळूहळू बहुतेकांचे मित्र गूगलकडेच सापडू लागले. सर्व्हर-सर्व्हरमधली वाट कूटबद्ध, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशी, करायचं बाकीच्यांनी मनावर घेतलं, पण गूगलने ते केलं नाही. आणि गूगलला तोडायचं तर अर्धे मित्र तुटणार. 2013 मध्ये गूगलने हँगआउट्स आणलं, बाहेरच्या सर्व्हरांशी जोडणी त्यात ठेवलीच नाही. तंत्र शाबूत राहिलं, माणसं गेली. माझ्या मते खरा धोका हाच आहे: मोठी कंपनी येते त्या दिवशी काही बिघडत नाही, आपली निम्मी ओळखपाळख तिच्या अंगणात गेली की ती जाताना सगळं ओढून नेते.

मित्राने मला सर्व्हरचं नियंत्रण-पान उघडून दाखवलं. परक्या सर्व्हरचं नाव टाकलं की पर्याय येतात. 'सस्पेंड' केलं तर संबंधच संपतो. 'लिमिट' केलं तर तिकडच्या पोस्ट सार्वजनिक प्रवाहात दिसत नाहीत, पण जो मुद्दाम फॉलो करतो त्याला दिसतात. त्याने थ्रेड्सला लिमिट केलंय, कारण एका सदस्याची बहीण तिकडे लिहिते. मला हा निर्णय पटला. सरसकट बंदीने कंपनीचं काही अडत नाही, बहिणी-बहिणींचं अडतं.

बाहेरच्यांवर नजर ठेवताना घरातलंही पाहायला हवं. 2023 पासून मॅस्टोडॉनचं अधिकृत अ‍ॅप नव्या माणसाला आधी स्वतःच्याच सर्वांत मोठ्या सर्व्हरचं नाव सुचवू लागलं. नवख्याची सोय होते, पण गर्दी एकाच ठिकाणी साचते. सर्व्हर बदलता येतो, फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. ज्याने आठ वर्षं लिहिलंय तो असा सहज उठून जाणार नाही. ही गाठ आधी सुटायला हवी.

तोवर मित्र दर रविवारी बॅकअप घेतो आणि प्रत्येक सदस्याला आठवण करून देतो, 'आपल्या फॉलोची यादी उतरवून घेतली का?'